थुंकीत रक्त दिसलं तर: हिरड्यांचा आजार ओळखायचा कसा, रोखायचा कसा

हिरडीतून रक्त आलं की बहुतेक घरांत तीन गोष्टी होतात. त्या बाजूला ब्रश हळू फिरवला जातो, दोन-चार दिवसांनी तिथे घासणंच बंद होतं आणि महिन्याच्या सामानात नवी पेस्ट येते. पहिल्या दोन गोष्टींनी आजार वाढतो, तिसरीने त्याला काही फरक पडत नाही. बहुतेक वेळा रक्त येतं ते त्या जागी नीट घासलं न गेल्यामुळे. म्हणजे रक्त दिसलं की तिथे जास्त लक्ष द्यायचं, फक्त योग्य ब्रशने आणि योग्य पद्धतीने. ती पद्धत पुढे दिली आहे. पण आधी तोंडात नेमकं काय चाललंय ते बघू, कारण ते कळल्याशिवाय ब्रश कुठे टेकवायचा हे लक्षात राहत नाही.

सांधीत काय होतं

हिरडी दाताला वरपासून चिकटलेली नसते. कडेचा एक ते तीन मिलिमीटरचा भाग शर्टाच्या कॉलरसारखा दाताभोवती नुसता टेकलेला असतो. त्या सांधीत जिवाणूंचा मऊ, पिवळट थर साचतो. डेंटिस्ट त्याला प्लाक म्हणतात. नखाने दाताच्या मुळाजवळ खरवडलं तर नखाखाली सायीसारखं जे येतं तेच हे. ते अडकलेलं अन्न नव्हे, त्यामुळे चूळ भरून निघत नाही. घासूनच काढावं लागतं. घासल्यानंतर काही तासांतच थर पुन्हा बसायला लागतो आणि दिवसभरात दाट होतो.

हा थर तसाच राहिला की शरीर त्याच्याशी लढायला तिथे रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी फुगते, लाल होते, आतलं अस्तर नाजूक होतं आणि ब्रशचा केस लागताच रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीच्या या पहिल्या सुजेला जिंजिव्हायटिस म्हणतात. ती पूर्ण बरी होते, आणि तीही बहुतांशी घरच्या घरी.

थर घासला गेला नाही तर त्यात लाळेतले कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसू लागतात. दोन-तीन दिवसांत सुरुवात होते आणि दहा-बारा दिवसांत त्याचा दगड होतो. हेच कीटण. ते सगळ्यात जास्त कुठे साचतं? खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये ‘टँकरच्या पाण्यामुळे दातांवर क्षार धरतात’ असं सर्रास ऐकू येतं. बाथरूमच्या नळावर धरतात ते पाण्याचे हे खरं, पण दातांवर धरतात ते मुख्यतः आपल्याच लाळेतले. फिल्टर बदलून कीटण थांबत नाही.

कीटण खरखरीत असतं, त्यावर नवा थर भरभर बसतो आणि हळूहळू तो कॉलरच्या आत, मुळाच्या दिशेने सरकतो. हिरडी दातापासून सुटत जाते, सांध खोल होते. या खोल सांधीला पॉकेट म्हणतात. तिथवर ब्रश पोचत नाही. सोबत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हा पेरिओडॉन्टायटिस, आपल्या बोलण्यातला पायोरिया. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. उपचाराने आजार आहे तिथे थांबवता येतो आणि काही ठरावीक ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडं हाड परत आणता येतं, पण त्यावर भरवसा ठेवून आज टाळाटाळ करू नये. शिवाय हे सगळं होत असताना बहुधा दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही. पायोरियाचा दात मात्र हलायला लागेपर्यंत गप्प असतो.

आरशासमोर पाच मिनिटं

सुट्टीच्या दिवशी, उजेडात, मोबाइलचा टॉर्च आणि आरसा घेऊन बसा. ओठ बोटांनी बाजूला करून पुढच्या गोष्टी तपासा.

निरोगी हिरडी घट्ट असते, दातांच्या मधली तिची टोकं अणकुचीदार दिसतात. रंगावर फार विसंबू नका, कारण आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतःच काळपट-तपकिरी पट्टे असतात आणि तो आजार नव्हे. फुगलेली, चकचकीत, गोलसर झालेली कड मात्र आजाराची असते. बोटाने हिरडी मुळाकडून दाताकडे हलकेच दाबत आणा. पांढरट-पिवळा थेंब आला तर तो पू आहे आणि ही घरच्या उपायांची पातळी नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवा. खडबडीत पायरी लागली तर तिथे कीटण आहे.

मग हेही पाहा: दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, पुढच्या दातांत नवी फट पडली आहे का, एखादा दात वर-पुढे सरकलाय का, पेरू किंवा भाजलेलं कणीस चावताना एखादी दाढ हलल्यासारखी वाटते का. तोंडाचा वास स्वतःला कळत नाही. घरातल्या माणसाला विचारा, आणि खरं सांगायला सांगा.

इथे एक मोठा चकवा आहे. सिगरेट, विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि तंबाखू हिरडीची सूज वरून झाकून ठेवते. आतलं हाड मात्र इतरांपेक्षा वेगाने जातं. तेव्हा ‘माझं रक्त येत नाही’ यावर ओढणाऱ्याने विसंबू नये, त्याने सरळ तपासून घ्यावं. मशेरीचंही बोलायला हवं. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणणाऱ्या आज्या-मावश्या ठाण्यातल्या चाळींपासून ऐरोली-घणसोलीपर्यंत भेटतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात साफ करत नाही, हिरडी मागे सरकवते, आणि जिथे दाबून ठेवली जाते तिथे पांढरा चट्टा उठू शकतो. गुटखा-मावा खाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: तोंड पूर्वीइतकं उघडतं का? स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर हिरड्यांचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो.

आणायचं काय

सामान थोडकं आहे. वेष्टनावर ‘सॉफ्ट’ लिहिलेला, लहान डोक्याचा ब्रश. ‘हार्ड’ ब्रश कपड्यांच्या कॉलरसाठी ठीक. फ्लोराइड असलेली कुठलीही साधी पेस्ट. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं असतं, साधारण १००० पीपीएमच्या आसपास असेल तर चालेल. दातांच्या फटींसाठी फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा दोरा, किंवा इंटरडेंटल ब्रश. बॅटरीचा ब्रश चांगलाच असतो, विशेषतः हात थरथरणाऱ्या वयस्करांसाठी, पण तो साध्या ब्रशसारखा पुढे-मागे रगडला तर पैसे वाया.

लाल मंजन, राखुंडी, कोळशाची पूड, मीठ-तेल यांपैकी काही रोज वापरत असाल तर बंद करा. खरखरीत पुडीने दाताच्या मानेजवळ, हिरडीला लागून, खाच पडते आणि मग गार पाणी लागलं की दात शिवशिवतो. बोटाने मंजन लावल्यावर तोंड ताजं वाटतं खरं, पण बोट सांधीत शिरत नाही. कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला तर पुढची बाजू बरी घासली जाते, जिभेकडची बाजू राहून जाते. आणि कीटण नेमकं तिथेच धरतं.

ब्रश कुठे टेकवायचा

पुढची पद्धत चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. डेंटल कॉलेजांत हिरड्यांच्या रुग्णांना सहसा हीच शिकवतात.

१. पेस्ट वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लाटेसारखी नको. जास्त फेस झाला की तोंड भरल्यासारखं वाटतं आणि अर्ध्या मिनिटात थुंकावंसं वाटतं.

२. ब्रश मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा. मुठीत धरला की खांद्याचा जोर येतो.

३. ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सांधीवर, हिरडीच्या दिशेने ४५ अंश तिरके टेकवा. वरच्या दातांना केसांची टोकं वर, खालच्यांना खाली. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर. आरशात बघून हे एकदा जमवा. बहुतेकांचा ब्रश दाताच्या मध्यावर फिरतो, तिथे आजार कधी नसतोच.

४. आता टोकं जागेवरून न सरकवता ब्रश १० ते १५ वेळा थरथरवा. हालचाल इतकी लहान हवी की समोरच्याला ब्रश जागीच थांबलाय असं वाटावं. भांडी घासतो तसं आडवं रगडणं म्हणजे सांध सोडून दात घासणं.

५. मग मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा आणा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जा.

६. क्रम ठरवून टाका. वरचा उजवा गाल, समोर, डावा गाल, मग तसंच आतून परत, नंतर खालचा जबडा. क्रम नसला की रोज तोच कोपरा राहतो. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा बहुधा उजव्या सुळ्याजवळचा भाग सुटतो, कारण तिथे मनगट वळवावं लागतं.

७. पुढच्या दातांच्या मागे ब्रश आडवा मावत नाही. तो उभा करा आणि टोकाचे केस सांधीत टेकवून वरच्या दातांना खाली, खालच्यांना वर ओढा.

८. शेवटच्या दाढेसाठी तोंड मोठं उघडू नका, अर्धं मिटा. मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही. अर्धं मिटलं की गाल सैल पडतो, ब्रश मागून वळवता येतो. मागच्या दाढेची मागची भिंत हा तोंडातला सगळ्यात दुर्लक्षित पृष्ठभाग असावा.

९. चावण्याच्या बाजू आडव्या घासल्या तरी चालतात. शेवटी जीभ मागून पुढे दोन-तीनदा. पेस्ट थुंकून टाका आणि भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू द्या.

पहिल्या आठवड्यात याला चार-पाच मिनिटं लागतात. हात बसल्यावर दोन-अडीच मिनिटांत होतं, त्याहून कमी वेळात नीट होत नाही.

जोर किती? स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ब्रश दाबून बघा, १५० ते २०० ग्रॅमचा आकडा दिसला की पुरे. बहुतेकांना हा जोर हास्यास्पद कमी वाटतो. महिनाभरात ब्रशचे केस बाहेर फाकले किंवा घासताना हिरडी पांढरी पडत असेल तर जोर जास्त आहे. ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस फाकले तर आधीच.

दिवसातून दोनदा घासायचं. एकच वेळ नीट जमणार असेल तर ती झोपण्याआधीची ठेवा. झोपेत लाळ कमी सुटते आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. सकाळी लोकल पकडायची असताना, घरात एकच बाथरूम आणि बाहेर दोघं उभे, अशा वेळी बासची पद्धत जमणार नाही हे मान्यच आहे. सकाळी साधं घासा, रात्री नीट घासा. रबाळे-तुर्भे पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्यांची ‘रात्र’ म्हणजे सकाळी नऊला अंथरुणावर पडण्याआधीची वेळ, घड्याळातली नव्हे.

कुठे चुकतंय ते पाहायचं असेल तर आधी ओठांना व्हॅसलीन लावा, खाण्याच्या लाल रंगाचे चार-पाच थेंब दोन चमचे पाण्यात टाकून ते पाणी अर्धा मिनिट तोंडात घोळवा, थुंका, एकदा साध्या पाण्याची चूळ भरा. जुना बनियन घालून आणि आंघोळीआधी हे करा. ज्या ज्या जागी रंग गडद धरला तिथे थर आहे. जवळजवळ प्रत्येकाला खालच्या दातांच्या आतून हिरडीला लागून लाल रेघ दिसते, आणि दातांच्या मधल्या फटीत लाल त्रिकोण.

फटीत ब्रश जात नाही

त्या लाल त्रिकोणाचं काय करायचं? कितीही चांगला ब्रश असला तरी दोन दातांच्या मध्ये तो शिरत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुतेकदा तिथेच सुरू होतो.

दात एकमेकांना घट्ट लागून असतील तर फ्लॉस. ४०-४५ सेंटिमीटर दोरा तोडा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा. करवतीसारखा हलके हलवत फटीतून खाली घ्या. खटकन खाली दाबलात तर हिरडी कापली जाते. खाली गेल्यावर दोरा एका दाताभोवती अर्धचंद्रासारखा वाकवा, हिरडीच्या आत सहज जाईल तेवढाच न्या आणि चार-पाच वेळा वर-खाली करा. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताभोवती. दोरा नुसता आत-बाहेर काढला तर अडकलेली कोथिंबीर निघते, थर तसाच राहतो.

हिरडी थोडी खाली गेलेली असेल, फट दिसत असेल तर फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश उजवा. बाटली धुण्याच्या ब्रशचं पिटुकलं रूप. ०.४ मिलिमीटरपासून पुढे आकार मिळतात. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात, त्यामुळे रंगावर न जाता आकडा बघा. फटीत जाताना केस दोन्ही बाजूंना घासले पाहिजेत पण तार दाताला अडकता कामा नये. एका माणसाला सहसा दोन आकार लागतात, पुढे बारीक आणि दाढांत जाड. पेस्ट न लावता सरळ घाला, चार-पाच वेळा आत-बाहेर करा, पाण्याखाली धुवा. तार वाकते ती तिरकी घुसवल्यामुळे. जात नसेल तर एक आकार खाली या, जबरदस्ती नको. मिसळ-पाव किंवा मटण झाल्यावर हॉटेलच्या काउंटरवरची टूथपिक उचलणाऱ्यांनी हा ब्रश खिशात ठेवावा. टूथपिक हिरडीची टोकं दाबून चपटी करते आणि मग फटीत अन्न आणखीच अडकतं.

सुरुवातीला रक्त येईल. चार-पाच दिवस जास्तही येईल. थांबू नका. रोज केलं तर सात ते दहा दिवसांत कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर आत कीटण आहे किंवा कारण वेगळं आहे, आणि आता दवाखान्याची पाळी.

माउथवॉश, मीठ, लवंग

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून चूळ भरल्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. तेवढंच. कीटण त्याने सुटत नाही. लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावलं तर हिरडी भाजते, पांढरी पडून सोलते. दुखऱ्या हिरडीला लागून अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवण्याचाही परिणाम तोच.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश खरोखर काम करतो, पण तो रोजच्या वापराचा नाही. एका वेळी १० मिलिलिटर, अर्धं ते एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे, आणि डेंटिस्टने सांगितल्यावरच. काही बाटल्यांवर निम्मं पाणी मिसळायला सांगितलेलं असतं, लेबल वाचा. पेस्टने घासल्यावर लगेच घेऊ नका, किमान अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. महिनोन्‌महिने वापरला की दात तपकिरी होतात आणि जिभेची चव बिघडते. मग लोक ते डाग काढायला पुन्हा दवाखान्यात येतात.

मेडिकलमधून स्वतःच मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी आणून खाणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. जिवाणूंच्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही आणि कीटण गोळीने विरघळत नाही. दोन दिवस बरं वाटतं, तेवढ्यात आजार आणखी खाली उतरतो.

दवाखान्यात

साध्या कीटणासाठी घराजवळचा कुठलाही नोंदणीकृत डेंटिस्ट चालेल. दात हलत असतील किंवा पू येत असेल तर हिरड्यांच्या तज्ज्ञाला, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टला दाखवा. खर्चाची चिंता असेल तर डेंटल कॉलेज हा चांगला मार्ग आहे आणि नवी मुंबईत ती बरीच आहेत: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लाइनने नेरुळ गाठता येतं. मध्य रेल्वेवरच्यांना सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालयही सोयीचं. या कॉलेजांत विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण हिरड्यांचा विभाग वेगळा असतो आणि मोजणी सविस्तर होते. सकाळी लवकर जा, अर्धा दिवस हाताशी ठेवा.

सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (त्या स्वतःहून बंद करून जाऊ नका), हृदयाची कृत्रिम झडप, पेसमेकर, गरोदरपण, तंबाखू. रक्तदाबाच्या गोळीचं नाव जरूर सांगा. अ‍ॅम्लोडिपिन, फिट्ससाठीचं फेनिटॉइन आणि सायक्लोस्पोरिन या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. औषध बदलायचं की नाही हे मूळ डॉक्टर ठरवतील.

खरी तपासणी म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी सांधीत घालून मोजणं. ३ पर्यंत ठीक. ४-५ म्हणजे पॉकेट. ६ किंवा जास्त म्हणजे गंभीर. हाड किती गेलंय हे एक्स-रेत दिसतं. नुसतं आरशाने बघून ‘सफाई करून घ्या’ म्हटलं गेलं आणि रक्त-पू-हलणं यांपैकी काही असेल, तर ‘पॉकेट मोजाल का?’ असं विचारायला संकोच करू नका. आकड्यांच्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

स्केलिंगमध्ये पाण्याच्या फवाऱ्यासह सेकंदाला हजारो वेळा कंपणाऱ्या टोकाने कीटण फोडून काढतात. ‘क्लीनिंगने दात ढिले होतात’ ही समजूत मात्र चिवट आहे. ती कुठून येते तेही समजून घ्या. वर्षानुवर्षांचं कीटण दातांच्या मध्ये सिमेंटसारखं भरलेलं असतं, त्याने हलणारा दात जखडलेला असतो. ते निघाल्यावर आधीचीच फट उघडी पडते, सूज उतरून हिरडी आक्रसते, मुळाला गार लागतं. दात हाड गेल्यामुळे हलत होता, ते आता कळलं एवढंच. शिवशिव बहुधा काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत कमी होते.

पॉकेट खोल असतील तर हिरडी बधिर करून मुळांवरची सफाई करतात, सहसा एका बैठकीत तोंडाचा एखादा भाग. मग काही आठवडे हिरडीला भरून यायला देऊन पुन्हा मोजतात. तेव्हाही खोल राहिलेल्या जागीच फ्लॅप शस्त्रक्रियेचा, म्हणजे हिरडी थोडी उघडून आतून मुळं साफ करण्याचा, विचार होतो. पहिल्याच भेटीत, मोजणी न करता, सगळ्या तोंडाची शस्त्रक्रिया सुचवली गेली तर दुसरं मत घ्या.

यांनी जास्त सांभाळायचं

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर वाढली की हिरडी लवकर सुजते आणि उशिरा भरते. हिरडीतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) सरासरी सुमारे ०.४ टक्के-अंकांनी उतरतं असं चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट डेंटिस्टलाही दाखवा.

गरोदरपणात दुसऱ्या महिन्यापासून हिरड्या फुगू शकतात. ‘पोटुशीने दातांना हात लावायचा नाही’ हे सासूबाईंनी कितीही ठासून सांगितलं तरी चौथा ते सहावा महिना स्केलिंगसाठी सोयीचा असतो, आणि गळू-दुखणं असेल तर कधीही उपचार होतात.

पावसाळ्यातली एक सूचना वेगळी. ताप आहे, अंग मोडून येतंय आणि ब्रश न लावताही हिरडीतून रक्त झिरपतंय, तर ते कीटणाचं नाही. ठाणे-नवी मुंबईत जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस. त्याच दिवशी फिजिशियनकडे जा, प्लेटलेट्स तपासा, आणि तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. ताप नसताना आपोआप रक्त, अंगावर निळे-जांभळे डाग आणि थकवा असेल तरी आधी रक्ततपासणी. आणि हिरडीच्या गळवाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली पसरली, गिळता येईना, तोंड उघडेना, तर सकाळची वाट बघू नका. मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

सफाईनंतरचे महिने

सूज उतरली की फटी मोठ्या होतात, म्हणून जुना इंटरडेंटल ब्रश सैल पडतो. एक आकार वर जा. हे दवाखान्यात सांगायचं राहून जातं आणि लोक महिनोन्‌महिने फटीत न घासणारा ब्रश फिरवत राहतात. नुसती सूज होती त्यांना सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी पुरते. पायोरिया झालेल्यांनी दर तीन-चार महिन्यांनी जायचं. दात दुखत नसला तरी जायचं, कारण पॉकेटमधले जिवाणू साधारण तेवढ्या काळात पुन्हा जम बसवतात.

पुन्हा मोजणी होईल तेव्हा पहिल्या कागदाचा ठेवलेला फोटो उघडा आणि नव्या कागदाशेजारी धरा. ६ चे ४ झाले आणि रक्त थांबलं असेल तर तुमचा हात आणि डॉक्टरांची सफाई दोन्ही जमलं. ६ चे ६ राहिले असतील तर फक्त त्या दाताबद्दल विचारा: मुळांच्या फाट्यात कीटण राहिलंय का, कॅपची कड हिरडीत रुततेय का, की माझा ब्रश तिथवर पोचतच नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आरशासमोर, ब्रश हातात घेऊन, डॉक्टरांना दाखवून घ्या.